पुरात फळी टाकणाऱ्याला चार गोष्टी

फळी पांगऱ्याची घ्यावी. सागाची नको, ती जड. आंब्याची तर नकोच, ती पाणी पिते. लांबी आपल्या हनुवटीपर्यंत, रुंदी छातीएवढी, आणि पुढचं टोक जरासं वर तासलेलं. उतरण्याआधी काठावर घटकाभर बसून नदी पाहावी. पाणी कुठं फुगतं, कुठं गोल फिरतं, कुठं वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं, हे नीट ध्यानात घ्यावं. मग फळीवर पोटावर पडावं, छाती मधोमध, पाय जुळवलेले. धारेला छाती देऊ नये, तिरकं जावं. लाट उचलायला लागली की गुडघ्यांवर यावं, आणि नजर पायाशी न ठेवता पैलतीरावरच्या झाडावर ठेवावी. पडलात तर उताणं पडावं, पाय पुढं. उथळ पाण्यात घाईनं उभं राहू नये, दगडांच्या फटीत पाय अडकतो.

हे सगळं खरं आहे. यातलं एक अक्षर खोटं नाही. आणि हे सांगणारा मी, पूर्णेच्या काठी जन्मलेला, आता सत्तरीला टेकलेला, उभ्या जन्मात एकदाही फळीवर पडलेलो नाही. मला पोहताच येत नाही.

भादवा लागला, पूर्णा दोन्ही थड्या भरून वाहायला लागली, की गावातली जवान पोरं अजूनही माझ्या ओट्यापाशी थांबतात. खांद्यावर फळ्या, अंगाला तेल चोपडलेलं. कालही आली होती. ‘आबा, नव्या मानसानं काय काय ध्यानात ठेवा लागते जी?’ एकानं विचारलं. मी म्हणालो, ‘भोयाच्या घरी जाऊन इचारा. माह्यापाशी काई नाई.’ पोरं एकमेकांकडं पाहून हसली. म्हाताऱ्याला मोठेपणा नको वाटतो, असं त्यांना वाटलं असणार. ती गेली आणि मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. दरवर्षी हेच होतं. लोकांना भादव्यात ताप येतो, मला लाज येते.

ते वर्ष कापसाचं होतं. कुठंतरी सातासमुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळं इकडं आमच्या बोंडांना सोनं लागलं, असं अमरावतीहून येणारे अडते सांगत. आम्हाला त्या लढाईचं काय घेणं? आम्हाला एवढंच दिसत होतं, की चांदूर बाजारात आमच्या वडिलांना पाहून माणसं उठून उभी राहतात. वडील गावचे पाटील. त्यांनी त्या वर्षी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. माझ्या पायात नवा जोडा आला, आणि तो कुरकुर वाजावा म्हणून मी उगाच गावातून चकरा मारत असे. एकोणीस वर्षांचा होतो. अकोल्याकडं आगगाडीसाठी मातीचे बांध घालून राहिले, असं कोणी सांगितलं तर मी असा मान डोलवायचो, जसा काही मला विचारूनच ते बांध घातले जात होते.

भाव चढता चढता असा चढला, की लोकांनी गाद्या उसवल्या. हे आज कोणाला सांगितलं तर हसतील, पण खरं आहे. शेतातला कापूस विकून झाला, घरातला झाला, मग उशा, गाद्या, रजया. माझ्या आईनं तिच्या लग्नातली गादी अंगणात आणली, कात्रीनं तिची शिवण कापली आणि आतला पिवळा पडलेला, दबून दगड झालेला कापूस बाहेर ओढला. त्याला तेलाचा, घामाचा, लहान लेकरांच्या मुताचा वास होता. आम्ही तिन्ही भावंडं त्याच गादीवर झालो होतो. मग त्या खोळीत गव्हांडा भरला. रात्री कूस बदलली की तो करकरायचा आणि मानेला टोचायचा. एवढा पैका आलेल्या घरात आम्ही जनावरांच्या चाऱ्यावर झोपत होतो, आणि तेही मोठ्या ऐटीत.

त्या जुन्या कापसाला नवा करायचं काम इस्माईलचं. इस्माईल पिंजारी माझ्याच वयाचा, गावाच्या वरच्या अंगाला त्याचं एकखणी घर. छताला टांगलेली कमान, तिला ताणलेली आतड्याची तांत, आणि उजव्या हातातल्या लाकडी दांड्यानं तो त्या तांतीला असा ठोका द्यायचा, की आख्खी गल्ली गुणगुणल्यासारखी वाटे. दबलेला गोळा बघता बघता फुलायचा. इस्माईलच्या पापण्यांवर, मिशांवर कापसाचे तंतू बसायचे. मी तासन्‌तास दारात उभा राहून पाहत असे. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा होता, त्या कामानं झालेला. ‘मालक, उबे काहून? बसा ना,’ तो म्हणायचा. मी बसत नसे. पाटलाचं पोर पिंजाऱ्याच्या घरात बसलं, असं कोणी म्हणू नये म्हणून.

आमच्या गावाखाली नदीत काळ्या दगडाची एक पायरी आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. पूर आला की पाणी तिच्यावरून खाली पडतं आणि लगेच वर फुगून उभं राहतं. त्या फुगाऱ्याला आम्ही म्हशीची पाठ म्हणतो. जवान माणसं वरच्या अंगानं फळी टाकायची, पोटावर पडून यायची, पाठीवर चढली की गुडघ्यांवर, आणि एखादा बहाद्दर असला तर दोन्ही पायांवर उभा. काठावरून आरोळ्या. मातीचा, कुजल्या पानांचा वास. अंगावर आलेला फेस तोंडात गेला की वाळू कचकचायची, असं ते सांगत. मला काय ठाऊक.

मी काठावरच्या निंबाखाली बसायचो आणि शिकवायचो. हो, शिकवायचो! नव्या माणसाला ओरडून सांगायचो, छाती मागं घे, टोक बुडून राहिलं, पाय जोड. हे सारं मी तुळसा भोईणीकडून उचललेलं होतं. तुळसा डोंगा चालवायची. नवरा गेल्यावर तिनं वल्हं हातात घेतलं ते घेतलंच. चाळिशीची, काटक, तोंडाची तिखट. ती नव्या माणसाला पाच शब्दांत सांगायची आणि पाण्यात ढकलायची. तेच पाच शब्द मी पन्नास करून सांगायचो. आणि लोक माझं ऐकायचे, कारण मी पाटलाचा. तुळसेला मात्र सगळं कळत होतं.

‘मालक, बोलता तं भल्ले गोड. एक डाव उतरा ना पान्यात,’ ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली.

‘सर्दी हाय मले,’ मी म्हणालो.

‘तीन वर्सं झाले जी! अजून जाऊनच नाई राहिली काय सर्दी?’

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात डूख धरला, तो तिच्यावर.

पोळा झाला आणि चार दिवस पाण्यानं उसंत दिली. नदी मात्र उतरेना. डोंगा बाभळीला बांधून ठेवलेला. पलीकडच्या दोन गावांनी गाद्या उसवून ठेवल्या होत्या आणि इस्माईल येतो की दुसरा पिंजारी बोलवू, असा निरोप धाडला होता. इस्माईलची बायको पहिल्यांदाच पोटुशी, दिवस भरत आलेले. त्याला ते काम हवं होतं. तो तुळसेकडं गेला, फळीवरून पलीकडं जायचं शिकव म्हणाला. ती म्हणाली, ‘आधी मईनाभर बिनफळीचा पोहून दाखव, मंग फळी.’ इस्माईलला थोडं पोहता येत होतं, विहिरीतलं. त्याच्यापाशी महिना नव्हता.

म्हणून तो दुपारी माझ्या ओट्यावर आला. खालच्या पायरीवर बसला. मला आजही ती दुपार दिसते. अंगणात ऊन आणि ढगाची सावली आलटून पालटून येत होती, आणि गोठ्यातून ओल्या कडब्याचा वास येत होता. त्यानं फार आदरानं विचारलं, ‘मालक, तुमी साऱ्याइले सांगता. मलेबी सांगा.’ मी काय खूश झालो म्हणता! सगळं सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं. तो बोटांवर मोजत होता, विसरू नये म्हणून. मग त्यानं एकच गोष्ट विचारली, आणि ती मी तुळसेच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती.

‘मालक, हातची फळी सुटली तं?’

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द. कोणाही साध्या माणसाला येतात. मला आले नाहीत. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, ‘सुटन कशी? मनगटाले बांधून घ्यायची.’

‘कायनं?’

‘तुह्या तांतीनं. तिच्यावानी मजबूत दोरी गावात हाय कोनापाशी?’

तो हसला. त्याच्या धंद्यातल्या वस्तूचं कौतुक केलं म्हणून बरं वाटलं असेल. मग जरा घुटमळून म्हणाला, ‘पन मावशीनं हे नाई सांगतलं.’

‘तुळसाले सारंच समजते काय रे?’ मी म्हणालो. आणि त्याला गाठ दाखवली. आम्ही बैलाच्या दाव्याला मारतो ती, ओढली की आणखी घट्ट होणारी. दोरीचा एक तुकडा माझ्याच मनगटाला गुंडाळून, दोनदा, सावकाश, नीट समजेल अशी दाखवली. वाहत्या पाण्यात माणसानं स्वतःला कशालाही बांधून घेऊ नये, हे भोयांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर तुळसा ते कधी बोलत नव्हती. कोणी असं करेल हे तिच्या डोक्यातही आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव काठावर होतं. वडीलही आले होते. इस्माईलनं अंगातलं काढलं, फळी पाण्यात टाकली आणि माझ्याकडं पाहून डाव्या हातानं सलाम केला. उजव्या मनगटाला तांत होती. ती मी पाहिली, आणि आपलं ऐकलं म्हणून मला गंमत वाटली. तुळसा खाली डोंग्यापाशी विळ्यानं दोर कापत होती, तिचं लक्ष नव्हतं.

आणि काय सुंदर गेला तो! मी सांगितलं तसाच. तिरका, छाती मधोमध, नजर पैलतीरावर. म्हशीच्या पाठीच्या कडेनं फळी वर उचलली गेली तेव्हा तो गुडघ्यांवर आला आणि क्षणभर साऱ्या पुराच्या वर दिसला, ओला, चमकणारा. लोकांनी आरोळी ठोकली. मी तर उड्या मारत होतो. मी, जोडा घालून, कोरडा ठाक. मग फळी गर्रकन फिरली. तो पडला, उताणा, पाय पुढं, अगदी बरोबर पडला. त्याला काही झालं नसतं. पण फळी वाहत जाऊन पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत रुतली, तांत ताणली गेली आणि इस्माईल पाण्याखाली गेला. हात तेवढा वर राहिला. बोटं उघडझाप करत होती.

मी ओरडू लागलो. ‘सोड! फळी सोड! अबे सोड ना!’ साऱ्या गावानं ते ऐकलं. कसली सोडतो तो? पाण्याच्या ओढीनं गाठ मांसात गेली होती. पिंजाऱ्याची तांत, ती काय तुटते! जवान पोरं काठावर नुसती धावत होती. तुळसा लुगड्याचा काचा मारून विळ्यासकट पाण्यात पडली. किती वेळ लागला मला सांगता येत नाही. तिनं विळा चालवला, त्याचे केस धरले आणि दोघं खूप खाली, गोठणाच्या काठाला लागली.

इस्माईल जिवंत होता. पोटातलं पाणी निघालं, डोळे मात्र उघडत नव्हते. मनगटाला तांतीचा तुकडा तसाच रुतलेला, पंजा काळानिळा. तुळसा धापा टाकत उठली आणि सगळ्यांकडं पाहून ओरडली, ‘कोन्या मेल्यानं सांगतलं याले बांधाले?’

वडील माझ्याकडं पाहू लागले, कारण शिकवणारा मी.

मी म्हणालो, ‘मी तं कालच त्याले नाई म्हणलं होतं. बांधू नको म्हणून बजावलं होतं.’

ते बोलायला मला विचार करावा लागला असता, तर आज थोडं तरी बरं वाटलं असतं. पण ते वाक्य तोंडातून तूप ओघळावं तसं ओघळलं. आणि लगेच कोणीतरी म्हणालं, ‘हो बापा, मालक तं काठावरून सोड सोड म्हणून राहिले होते.’ माझ्या त्या ओरडण्याचीही साक्ष झाली. तुळसा वाकून ती गाठ सोडवत होती. सुटेना, तेव्हा तिनं ती निरखून पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. चार दिवसांनी मी पाणवठ्यावरून जात होतो, आसपास कोणी नव्हतं, तेव्हा म्हणाली, ‘मालक, कुनब्याची गाठ पिंजाऱ्याले कशी आली जी?’ मी न ऐकल्यासारखं करून पुढं गेलो. पुढं ती पंधरा वर्षं जगली, पण माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. डोंग्यात मी बसलो की ती नदीकडं पाहून वल्हं मारायची.

इस्माईल कितीतरी दिवस तापात होता. ताप उतरला, पण उजवा पंजा वाळत गेला. बोटं मिटून बसली ती उघडलीच नाहीत. डाव्या हातानं कमान चालवून पाहिली, जमलं नाही. मुलगी झाली. बाळंतीण उठती झाल्यावर सगळे अमरावतीला तिच्या भावाकडं निघून गेले. गाडीवर ती कमान उलटी टाकलेली मी आमच्या माडीच्या खिडकीतून पाहिली. खाली उतरलो नाही.

आणि माझं काय झालं? माझी अब्रू वाढली. पाटलाच्या पोरानं सांगितलं होतं, पिंजाऱ्यानं ऐकलं नाही, बघा काय झालं, असं लोक लेकरांना सांगू लागले. कोसकोस लांबून माणसं मला विचारायला यायची. ती आवई अजून मेलेली नाही, म्हणून कालची ती पोरं माझ्या ओट्याशी थांबली. लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, शेंब्या शिंगांवरून उतरल्या. आईनं पुन्हा गादी भरायला काढली तेव्हा गावात पिंजारी नव्हता. परगावचा आणावा लागला. त्या मऊ गादीवर मला कित्येक दिवस झोप आली नाही, आणि का येत नाही ते बायकोलाही सांगता आलं नाही.

अमरावतीला मी वर्षातून चार वेळा जात होतो आणि चारही वेळा ती गल्ली टाळत होतो. बारा-तेरा वर्षं टाळली. मग एका भादव्यात तुळसेला ताप भरला, ती जगत नाही असं वाटलं. ती मेली की खरं जाणणारा एकटा मीच उरेन, ही भीती मनात बसली. (ती वाचली, ते सोडा.) मी गाडी जुंपली आणि सरळ इस्माईलच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं. मीच बांधायला सांगितलं. गाठही मीच दाखवली. आणि मग खोटं बोललो. बस्स, एवढंच.

तो सरकी काढायच्या एका कारखान्याच्या दारावर राखण करायचा. केस पिकलेले, उजवा हात सदऱ्याच्या आत. मला पाहून इतका आनंदला, की त्याला काय करू नि काय नको असं झालं. खाट टाकली, गूळ-पाणी आणवलं, मुलीला बोलावून म्हणाला, ‘बेटी, हे आमच्या गावचे मालक. मले यांनीच शिकवलं होतं.’ मी गुळाचा खडा हातात धरून बसलो.

‘इस्माईल,’ मी सुरुवात केली, ‘त्या दिवसाचं एक बोलाचं हाय.’

त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. खाली बसला, माझ्या पायाशी. डोळ्यांत पाणी.

‘मालक, मलेच बोलाचं हाय. इतके वर्सं झाले, छातीवर गोटा हाय. अल्ला कसम, मले सारं याद हाय. तुमच्या ओट्यावर, दुपारच्या पारी. तुमी सोताच्या मनगटावर गाठ मारून दाखवली होती. बोलले होते, इस्माईल, अशी गाठ मारशीन तं मरशीन, मारू नको. आन्‌ मी येडा, तीच मारली. काहून मारली, मले आजबी समजत नाई. तुमी काठावरून ओरडून राहिले होते. तुमचं ऐकलं नाई मी. मले माफी द्या.’

मी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तो मला वाचवत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. तापात पडल्या पडल्या सारं गाव त्याला जे सांगत गेलं, तेच त्याला आठवत होतं. मुलगी उंबऱ्यात उभी होती. तीही हे लहानपणापासून ऐकत आली असणार. इस्माईलनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला. मी हात मागं घेतला नाही.

‘जाऊ दे इस्माईल,’ मी म्हणालो. ‘माफ केलं.’